हाय-स्पीड डोअर: कधीच एरर न देणाऱ्या दारावर विश्वास का ठेवू नये?

कॉल चालू असताना फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप बंद होते, हे तुम्ही रोज बघता. स्पीकरजवळ एक छोटा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, त्याचं हे काम. आता तिथे धूळ साचली किंवा चुकीचा स्क्रीन गार्ड लावला की काय होतं? फोन कानापासून दूर घेतला तरी स्क्रीन काळीच. कॉल कट करता येत नाही आणि आपण वैतागतो. मागच्या उन्हाळ्यात वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी हाच प्रकार बघितला. फक्त फोनच्या जागी चार मीटर उंच दार होतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. त्या कंपनीच्या मेंटेनन्स विभागासाठी आम्ही एक छोटं अ‍ॅप बनवत होतो. कुठल्या मशीनची सर्व्हिस कधी झाली, कोणी केली, कुठला एरर आला, एवढंच त्यात असणार होतं. मशीनच्या यादीत ‘एचएसडी-१’ ते ‘एचएसडी-६’ अशा सहा एंट्री होत्या. मला वाटलं हार्ड डिस्क असतील. निघाली दारं! हाय-स्पीड डोअर.

हे दार असतं तरी काय?

दुकानाचं लोखंडी शटर आठवा. त्याला मोटर बसवली तरी ते सेकंदाला साधारण दहा-वीस सेंटीमीटर सरकतं, म्हणजे चार मीटर उघडायला वीस-तीस सेकंद सहज लागतात. हाय-स्पीड डोअरमध्ये लोखंडाऐवजी जाड पीव्हीसीचा पडदा असतो. वर एक ड्रम, बाजूला मोटर आणि गिअरबॉक्स, आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. हा पडदा सेकंदाला एक ते दोन मीटर, काही मॉडेलमध्ये त्याहूनही वेगाने वर जातो. खाली येताना मात्र मुद्दाम सावकाश येतो. फोर्कलिफ्ट समोर आली की फ्लोअरमध्ये पुरलेली तारेची लूप किंवा वर लावलेला रडार तिला ओळखतो, दार उघडतं, गाडी गेली की बंद.

एवढी घाई कशासाठी? आपल्याकडे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या पट्ट्यात गाड्यांच्या पार्ट्सपासून औषधं आणि बिअरपर्यंत सगळं बनतं. औषधांच्या कारखान्यात स्वच्छ खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, साधारण १० ते १५ पास्कल, म्हणजे हवा बाहेर जाते पण धूळ आत येत नाही. दार जास्त वेळ उघडं राहिलं की तो दाब पडतो. कोल्ड स्टोरेजमध्ये दार उघडं राहिलं तर थेट लाईट बिल वाढतं. बाकी ठिकाणी धूळ आणि माश्या. एप्रिल-मे महिन्यात वाळूजला उभं राहून बघा, धुळीबद्दल वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

महिने मोजू नका, फेऱ्या मोजा

अ‍ॅपमध्ये मी सरळ टाकलं होतं: दर तीन महिन्यांनी सर्व्हिस, तारीख आली की नोटिफिकेशन. तिथले एक ज्येष्ठ इलेक्ट्रिशियन आहेत. आयटीआय करून लागले, आता रिटायरमेंट जवळ आली. सगळा प्लांट त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही. मामांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “इंजिनियर साहेब, दाराला कॅलेंडर कळतं का?”

मग त्यांनी हिशोब मांडला. डिस्पॅचचं दार तीन मिनिटांतून एकदा उघडतं असं धरा. तीन शिफ्ट, म्हणजे दिवसाला ४८० फेऱ्या. दुकानाचं शटर दिवसातून एकदा उघडतं आणि एकदा बंद होतं, म्हणजे वर्षाला ३६५. दुकानाच्या शटरचं वर्षभराचं काम हे दार एका दिवसात संपवतं! आणि त्याच शेडमधलं स्क्रॅप यार्डचं दार दिवसाला जेमतेम २० वेळा उघडतं. दोघांना एकच तारीख देणं म्हणजे दिवसभर गेम खेळणाऱ्याच्या आणि फक्त कॉलपुरता फोन वापरणाऱ्या आजोबांच्या बॅटरीला एकच वय लावणं. फोनमध्येही बॅटरीचं आरोग्य चार्जिंग सायकलवरूनच बघतात ना? दाराच्या कंट्रोलरमध्ये असाच सायकल काउंटर असतो. मी तारीख काढून काउंटर जोडला.

पट्टे, बेअरिंग, ब्रेकची लायनिंग, पडद्याच्या कडा, हे सगळं फेऱ्यांवर झिजतं. काही गोष्टी मात्र फेऱ्यांवर नाही, हवामानावर चालतात. ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतील अशा हिशोबाने बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर जातं, मग पत्र्याखालच्या बंद पॅनेलमध्ये काय होत असेल? त्यात पॅनेलच्या पंख्याची जाळी धुळीने गच्च झाली की ड्राइव्ह गरम होऊन ट्रिप होतो आणि लोक म्हणतात, “मोटर गेली.” मोटर ठणठणीत असते, जाळी धुवायची राहिलेली असते.

माझी (फालतू) आयडिया

एप्रिलमध्ये दोन नंबरचं दार सारखं अर्ध्यात थांबून परत वर जायला लागलं. फोर्कलिफ्टवाले शिव्या घालत होते. मी लॉग बघितला: ‘फोटोसेल’, ‘फोटोसेल’, ‘फोटोसेल’. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून थोड्या उंचीवर एक जोडी असते, एकीकडून इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरीकडे पोचतो. मध्ये कोणी आलं की किरण तुटतो आणि दार उलटं फिरतं. इथे मध्ये कोणीच नव्हतं.

मी म्हटलं, “मामा, सोपं आहे. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ किरण तुटला तर तो सिग्नल सोडून द्यायचा. सेटिंगमध्ये करता येईल.” सॉफ्टवेअरवाल्याला प्रत्येक गोष्ट फिल्टर लावून सुटते असं वाटतं, त्याला इलाज नाही.

मामा काही बोलले नाहीत. खिशातून सुती फडकं काढलं, दोन्ही बाजूंच्या काचा पुसल्या, वाकडी झालेली क्लिप सरळ केली. दार चालू. मग म्हणाले, “अर्ध्या सेकंदात हे दार किती खाली येतंय, सांगा बरं.” मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो. एक मीटर प्रतिसेकंद धरला तरी पन्नास सेंटीमीटर. “दार थांबायलंय म्हणजे ते बरोबर काम करायलंय,” एवढं बोलून ते चहाला गेले.

आणि मग चार नंबर

माझ्या डॅशबोर्डवर सहा दारांपैकी सगळ्यात हिरवं दार चार नंबरचं होतं. कित्येक आठवडे एकही एरर नाही. प्रेझेंटेशनमध्ये मी तेच दाखवणार होतो.

त्याच सुमारास मामांनी शिफ्टच्या सुरुवातीला खोक्याची टेस्ट सुरू केली. पुठ्ठ्याचं भक्कम खोकं घ्यायचं, फोटोसेलच्या किरणापेक्षा कमी उंचीचं. म्हणजे किरण तुटत नाही आणि दाराच्या खालच्या कडेला स्वतःच अडथळा ओळखावा लागतो. खोकं दाराखाली ठेवायचं, आपण बाजूला उभं राहायचं, दार बंद करायचं. कड खोक्याला टेकताच दार वर गेलं पाहिजे. पाच दारं गेली. चार नंबरने खोकं चेपलं आणि तिथेच राहिलं.

आता या कडेत काय असतं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. खालच्या कडेला पोकळ रबराची पट्टी असते, तिला सेफ्टी एज म्हणतात. एका प्रचलित प्रकारात आत दोन वाहक पट्ट्या एकमेकींना न चिकटता धावतात आणि टोकाला ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टर जोडलेला असतो. कंट्रोलर सतत रोध मोजतो. ८.२ दिसला, सगळं ठीक. पट्टी दाबली गेली की आतल्या पट्ट्या चिकटतात, रोध शून्याजवळ येतो, दार उलटं. वायर तुटली की रोध अनंत, दार बंदच होणार नाही. म्हणजे दाबलं तरी कळतं, तुटलं तरी कळतं. मला हे डिझाइन इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते कागदावर काढून बघितलं.

पण यातच खाच आहे. पॅनेल उघडल्यावर दिसलं की चार नंबरच्या सेफ्टी एजच्या वायरी काढून ठेवल्या होत्या आणि टर्मिनलमध्ये सरळ ८.२ किलो-ओहमचा एक रेझिस्टर पिळून बसवला होता. रुपया-दोन रुपयांची वस्तू. पडद्याच्या हालचालीने खाली जाणारी गुंडाळी केबल आतून तुटली होती, रात्री कधीतरी दार अडलं असणार, बाहेर ट्रक उभा असणार, आणि कोणीतरी ‘तात्पुरतं’ काम चालवलं. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कंट्रोलरला मात्र ८.२ दिसत होतं. त्यामुळे तो खूश, माझं अ‍ॅप खूश, आणि दाराखाली पडलेली पावती उचलायला वाकणाऱ्या माणसासाठी एक संरक्षण कमी.

तुम्ही अप्रेंटिस म्हणून लागलात तर

तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय किंवा डिप्लोमा करून अशाच ठिकाणी जाणार, म्हणून थोडं कामाचं.

टेस्ट हाताने किंवा पायाने करू नका, खोकं कशासाठी आहे? पॅनेल उघडण्याआधी मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, वर स्वतःच्या नावाचा टॅग, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात. लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढल्यावरही त्याची लाईट थोडा वेळ जळत राहते, तसंच, पण इथला व्होल्टेज जीवघेणा आहे. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या. स्प्रिंग आणि काउंटरवेट असलेल्या दारात वीज बंद केली तरी ताण तसाच असतो, शिकवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आणि मॅन्युअलमध्ये नसेल तर बाजूच्या गाईडमध्ये ग्रीस भरू नका. ग्रीसवर धूळ बसते, त्याची घासपेस्ट होते आणि ती पडद्याच्या कडा खाते.

फोनचा उपयोगही होतो, प्लांटमध्ये कॅमेऱ्याला परवानगी असेल तर. दार बंद होतानाचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा, खालची कड एका बाजूला आधी टेकत असेल तर लगेच दिसतं. गिअरबॉक्सचा आवाज दर महिन्याला रेकॉर्ड करून आधीच्याशी ताडून बघा. फोटोसेलचा इन्फ्रारेड एलईडी पेटतोय का, हे बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यासारखं दिसतं. आधी टीव्हीच्या रिमोटवर करून बघा, मागच्या कॅमेऱ्यात फिल्टर असल्यामुळे सहसा दिसत नाही. ठिपका दिसला म्हणजे फक्त एलईडी पेटतोय, दार सुरक्षित आहे असं नाही. त्यासाठी टेस्टच करावी लागते.

चार नंबरची केबल बदलली, रेझिस्टर काढला, खोकं पुन्हा ठेवलं, दार वर गेलं. मी अ‍ॅपमध्ये एक बदल केला: एरर नाही म्हणून दार आता हिरवं होत नाही. गेल्या २४ तासांत कोणी टेस्ट करून नोंद केली असेल तरच हिरवं, नाहीतर राखाडी. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला, “अहो, तुमचं अ‍ॅप बिघडलंय, सगळी दारं राखाडी दाखवतंय.”