गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा
(लेखमाला : चंचल वय आणि औषध, भाग 6)

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारावर, म्हणजे शाळा-दवाखान्यांत ज्याला सर्रास एडीएचडी म्हटले जाते त्या विकारावर, भारतात उत्तेजक औषधांपैकी मुख्यत्वे मिथाइलफेनिडेट दिले जाते. आणि काही महिने उलटले की ‘पहिल्यासारखा गुण येत नाही, डोस वाढवून द्या’ ही पालकांची मागणी बहुधा ठरलेली असते. या मागणीत गृहीत धरलेली घटना म्हणजे औषधसह्यता, अर्थात तीच मात्रा पुनःपुन्हा घेतल्याने तिचा परिणाम उतरत जाणे. ही घटना खरी आहे. परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात गुण उतरण्याचे कारण मेंदूत शोधण्याआधी गोळी मुलापर्यंत ज्या वाटेने पोहोचते ती वाट तपासणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देताना डोपामिन हे द्रव्य सोडतात आणि वापरून झालेले डोपामिन वाहक प्रथिनांमार्फत परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही वाहक प्रथिने अडवून धरते, त्यामुळे डोपामिन पेशींमधील फटीत अधिक काळ टिकते व लक्ष स्थिरावण्यास मदत होते. जीन-जॅक वँग, नोरा व्होल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 12 महिने हे औषध घेतलेल्या प्रौढ रुग्णांच्या मेंदूतील या वाहकांची उपलब्धता सुमारे 24 टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे अडवणूक होत राहिली तशी मेंदूने दारे वाढवली, असे म्हणता येईल. अभ्यास लहान होता, आणि याच वाढीमुळे रोजच्या व्यवहारात औषधाचा गुण कमी होतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

याहून भक्कम पुरावा आहे तो एकाच दिवसात निर्माण होणाऱ्या सह्यतेचा. साध्या गोळीचा परिणाम तीन ते चार तास टिकतो. तेव्हा रक्तातील पातळी दिवसभर एकसारखी ठेवली की काम भागेल, अशी पूर्वी समजूत होती. जेम्स स्वान्सन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की पातळी सपाट ठेवल्यास दुपारनंतर परिणाम ओसरतो, तर ती हळूहळू चढती ठेवल्यास तो टिकतो. याच निष्कर्षाच्या आधारे चढत्या प्रमाणात औषध सोडणारी दीर्घकाळ चालणारी गोळी बनवण्यात आली व 2000 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. दुपारी उतरणारा गुण हा पुष्कळदा मात्रेचा नव्हे, तर गोळीच्या प्रकाराचा व वेळेचा प्रश्न असतो, ते यामुळेच.

आता वाटेकडे वळावे लागते. मिथाइलफेनिडेट औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत मोडते. ते विकण्यास नेहमीच्या परवान्याखेरीज वेगळा परवाना लागतो, साठा कुलुपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लिहिलेली असावी लागते व तिची एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. गैरवापराचा धोका पाहता हे नियम अनाठायी नाहीत, मात्र त्यांचा एक परिणाम असा की ही गोळी गल्लीतल्या कोणत्याही मेडिकलवर मिळत नाही. जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले असले, तरी अवघड रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या शासकीय रुग्णालयात नेण्याची जिल्ह्यातील रीत जुनी आहे, जालना शहरापासून ते अंतर साठेक किलोमीटर, मंठ्याहून त्याच्या जवळपास दुप्पट. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब करणारे घर महिन्याची पट्टी दीड महिना पुरवू लागले, तर त्यात नवल नाही.

ही पुरवापुरव कशी होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एक दिवसाआड गोळी दिली जाते किंवा गोळी मोडून अर्धी दिली जाते. साधी गोळी मोडणे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूही शकते, परंतु दीर्घकाळ चालणारी गोळी मोडली की तिची औषध हळूहळू सोडण्याची रचनाच बिघडू शकते. मग औषध एकदम रक्तात उतरते, मूल सकाळी गप्प-गप्प राहते, दुपारी शाळेत पुन्हा उसळते, आणि घरी निष्कर्ष निघतो की गोळी अंगवळणी पडली. अशा वेळी डॉक्टरांनी गोळ्या मोजल्या नाहीत, तर वाढवलेला डोस न घेतलेल्या डोसावर चढवला जातो.

वाढलेले वजन, अपुरी झोप, नवे चिंताविकार किंवा पाचवीत गेल्यावर अचानक वाढलेला अभ्यास हीदेखील गुण उतरल्याचा भास निर्माण करतात. संध्याकाळी औषध ओसरताना काही काळ चिडचिड मूळच्याहून अधिक होते, तीही सह्यता नव्हे.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ औषध थांबवून त्याची गरज पुन्हा तपासली जाते. भूक व उंचीवरील परिणाम कमी करण्यास औषधाच्या अशा सुट्ट्यांचा उपयोग होऊ शकतो, पण सह्यता मोडण्याचा उपाय म्हणून त्यांना ठोस आधार नाही. सह्यता टाळण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांबाबतही तेच. आंबट फळे व क जीवनसत्त्व टाळण्याचा जो सल्ला परदेशातून फिरत येतो, तो ॲम्फेटामिन गटातील औषधांसाठी आहे, कारण ती बऱ्याच अंशी मूत्रावाटे जातात व मूत्र आम्लधर्मी असल्यास लवकर बाहेर पडतात. मिथाइलफेनिडेटचे विघटन यकृतातील विकरामुळे होते. तेव्हा भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी या मुलांना नाकारण्याचे काही कारण नाही.

सर्व तपासूनही गुण येत नसेल, तर मात्रा वाढवणे, गोळीचा प्रकार बदलणे किंवा ॲटोमॉक्सेटिनकडे वळणे हे पर्याय डॉक्टरांपुढे असतात. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही व ‘एक्स’ अनुसूचीत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावी ते मिळवणे तुलनेने सोपे; मात्र त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि हे आधी सांगितले नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात तेही ‘लागू पडत नाही’ म्हणून बंद केले जाते.