पडद्यावरील पाठ आणि संवादाचा तिसरा दुवा

शालेय विद्यार्थ्यांना घरबसल्या शिकविण्यासाठी जी अंकीय साधने आज उपलब्ध आहेत, त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा उपकरणांच्या संख्येपाशी थांबते. ही संख्या अर्थातच उपेक्षणीय नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार शाळेत दाखल असलेल्या मुलांच्या ग्रामीण घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. तथापि उपकरण हाती आल्यानंतर शिक्षक आणि मूल यांच्यामधील बोलण्याचे काय होते, हा प्रश्न त्यापुढचा असून तो भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. त्र्यंबकेश्वर तालुका नजरेसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

हा तालुका निवडण्यास कारण आहे. तीर्थक्षेत्राचे गाव मागे टाकून हरसूलच्या बाजूस निघाले म्हणजे वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली दिसते. कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादी समाजांची मुले येथील शाळांत मराठी माध्यमातून शिकतात. त्यांची घरची बोली मात्र पाठ्यपुस्तकातील मराठीहून कमीअधिक अंतरावर आहे. जनगणनेच्या वर्गीकरणात कोकणा ही मातृभाषा मराठीत नव्हे, तर भिली-भिलोडी या गटात मोजली जाते. म्हणजे पुस्तक उघडताच येथील पुष्कळ मुलांना एक लहानसा भाषिक उंबरठा ओलांडावा लागतो. वर्गात तो ओलांडण्यास शिक्षक हात देतो. हा हात कोणत्या क्षणी दिला जातो, हे प्रथम पाहू.

सिंक्लेअर आणि कूल्थार्ड यांनी १९७५ साली वर्गातील संभाषणाचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात अध्यापन-संवादाचे तीन दुवे दाखविले आहेत. शिक्षक प्रारंभ करतो, विद्यार्थी उत्तर देतो आणि त्या उत्तराला शिक्षक प्रतिसाद देतो. नित्याच्या संभाषणात प्रश्न आणि उत्तर एवढ्यावर काम भागते. वाट विचारणारा मनुष्य उत्तर मिळाल्यावर ते बरोबर की चूक हे सांगत नाही. वर्गातील बोलण्याचे वैशिष्ट्य तिसऱ्या दुव्यात आहे.

उदाहरणादाखल त्र्यंबकच्या परिसरातील एखादा वर्ग कल्पावा. शिक्षक विचारतात, “गोदावरी नदी कोठे उगम पावते?” मूल गप्प राहते. शिक्षक त्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रश्न बदलतात, “गोदावरी कुठून निघते रे?” मूल म्हणते, “डोंगरातून.” यावर शिक्षक म्हणतात, “बरोबर, डोंगरातून. त्या डोंगराला काय म्हणतात?” आता ‘ब्रह्मगिरी’ हे उत्तर येते, कारण तो डोंगर मुलाच्या रोजच्या पाहण्यातला आहे. या लहानशा प्रसंगात मुलाचे अज्ञान कोठेच आड आलेले नव्हते. ‘उगम पावणे’ हा शब्दप्रयोग आड आला होता. शिक्षकाने तो दूर केला, अपुरे उत्तर स्वीकारून पुढे नेले आणि जाता जाता पुस्तकी शब्दाला घरच्या शब्दाशी जोडून दिले. प्रमाणभाषेचे शिक्षण पुष्कळ अंशी याच क्षणी होते.

या कसोटीवर अंकीय साधनांची प्रतवारी करता येते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम हाती घेण्यात आला, तेव्हा ही सारी साधने एकाच वेळी उपयोगात आली. त्यांपैकी पहिला वर्ग केवळ प्रारंभ करणाऱ्या साधनांचा होय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावरील चित्रफिती, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून उघडणारे पाठ आणि यूट्यूबवरील पाठ या वर्गात येतात. त्यांत आशय उत्तम असू शकतो व पाठ हवा तितक्या वेळा पाहता येतो. परंतु ‘उगम पावते’ हा शब्द दहा वेळा ऐकला तरी तो ‘निघते’ होत नाही.

दुसरा वर्ग गूगल फॉर्मसारख्या स्वयंचलित चाचण्यांचा. येथे प्रश्न आहे, उत्तर आहे आणि वरकरणी प्रतिसादही आहे. मात्र तो यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या उत्तराशी पडताळणी करून दिलेला असतो. ‘ब्रह्मगिरी’ या शब्दाची अपेक्षा असताना ‘डोंगरातून’ असे लिहिणाऱ्या मुलास शून्य गुण मिळतात. वर्गात जे उत्तर अर्ध्या वाटेवरचे होते, ते येथे चूक ठरते.

तिसरा वर्ग झूम किंवा गूगल मीटवरील प्रत्यक्ष तासांचा. तिन्ही दुवे येथे तत्त्वतः शक्य आहेत. परंतु गोंगाट टाळण्यासाठी मुलांचे ध्वनिग्राहक बंद ठेवले जातात, पाड्यावर संपर्क तुटतो आणि आवाज उशिरा पोहोचतो. मुलाची शांतता विचारामुळे आहे, न समजल्यामुळे आहे की संपर्क तुटल्यामुळे आहे, हे शिक्षकास कळेनासे होते. मग तो स्वतःच उत्तर सांगून पुढे जातो.

चौथे साधन दिसण्यास अगदी सामान्य आहे, ते म्हणजे व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश. मूल आपल्या बोलीत उत्तर बोलून पाठविते, शिक्षक सवडीने ऐकतो आणि त्याच मुलाला उद्देशून उत्तर देतो. संवाद लांबतो, परंतु तिसरा दुवा शाबूत राहतो. तंत्राच्या दृष्टीने साधे असलेले साधन भाषेच्या दृष्टीने अधिक समर्थ असू शकते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्र्यंबकला लागून असलेल्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात २०२० मध्ये दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालविली. तेथे ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिक्षेपकावरून ऐकविले जात आणि स्वयंसेवक मुलांबरोबर असत. ध्वनिक्षेपक केवळ प्रारंभ करतो. उरलेले दुवे शेजारी बसलेले माणूस पुरवू शकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या प्रयोगातही हेच सूत्र आढळते. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा क्यूआर कोडचा बोलबाला अधिक झाला. परंतु मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्याचे पाहून त्यांनी पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली होती, हा त्या कार्याचा तितकाच महत्त्वाचा भाग होय.

अलीकडे मुलाचे वाचन ऐकून दुरुस्ती सुचविणारी साधनेही आली आहेत. गूगलचे ‘रीड अलाँग’ २०२० पासून मराठीतही उपलब्ध झाले. अशा साधनांमुळे तिसरा दुवा यंत्राच्या हाती येतो, म्हणून त्यांची परीक्षा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. वाणी ओळखणारे यंत्र ज्या आवाजांवर शिकलेले असते, त्यांच्यासारखे आवाज ते चांगले ओळखते. ‘पाणी’ हा छापील शब्द पाहून मूल ‘पानी’ असे वाचते, तेव्हा त्याने अक्षर ओळखलेले असते, अर्थही जाणलेला असतो. त्याने केवळ आपल्या बोलीचा ध्वनी योजिलेला असतो. अनुभवी शिक्षक यास वाचनदोष मानीत नाही. यंत्राने तो दोष मानला, तर मुलाच्या मनावर ठसा उमटतो तो असा की, आपल्या घरचे बोलणेच चुकीचे आहे. असे मूल पुढे प्रत्यक्ष वर्गातही तोंड उघडण्यास कचरते. ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. प्रत्येक बोलीत सर्व पाठ तयार होण्यास वेळ लागेल. तोवर पाठ प्रमाण मराठीत असला तरी प्रतिसाद बोलीची जाण असलेल्या माणसाकडून मिळावा, एवढी व्यवस्था करणे अशक्य नाही. चित्रफितीनंतर ध्वनिसंदेशाने उत्तर मागविणे, चाचणीतील मुक्त उत्तरे शिक्षकाने स्वतः वाचणे आणि वाचन ऐकणाऱ्या यंत्रांच्या जडणघडणीत पाड्यांवरील मुलांच्या आवाजांचा समावेश करणे, हे त्याचे काही मार्ग होत.

शाळा पुन्हा भरू लागल्या, परंतु ही साधने वर्गात आणि घरात राहिली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे अभ्यासाचे एक निश्चित क्षेत्र आहे. एकाच शिक्षकाचा एकच पाठ प्रत्यक्ष वर्गात, पडद्यावर आणि ध्वनिसंदेशातून संमतीपूर्वक ध्वनिमुद्रित करावा. मुलाचे अपुरे उत्तर कोठे पुढे नेले गेले आणि कोठे तसेच सोडले गेले, याची नोंद करावी. एखादे साधन त्र्यंबकच्या मुलास उपयोगी आहे की नाही, याचा निर्णय अशा नोंदींवरून अधिक भरवशाने करता येईल.