शेतकऱ्याच्या मेंदूतली गाठ आणि फवारणीनंतरचे हात

अमेरिकेतला शेतकरी शहरातल्या माणसापेक्षा कमी सिगारेट ओढतो, अंगमेहनत करतो, आणि एकंदर कॅन्सरने तो कमीच मरतो. पण काही मोजके कॅन्सर त्याला इतरांपेक्षा जास्त होतात असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले. त्यांत रक्ताचा होता, ओठाचा होता आणि मेंदूचाही. १९९८ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा शेतकऱ्यांमधला मेंदूच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भरला.

संशयाची सुई अर्थातच कीटकनाशकांकडे वळली. मात्र संशय सिद्ध करणे महाकठीण, कारण हा आजार विरळा आहे. तिथे वर्षाला लाखात सहा-सात जणांना तो होतो. एखाद्या गावात दोन रुग्ण निघाले तर तो योगायोग की विहिरीच्या पाण्याचा दोष, हे गावापुरते पाहून कळत नाही.

म्हणून अमेरिकी सरकारच्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेने आयोवा, मिशिगन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही मका-सोयाबीनची आणि दुभत्या जनावरांची चार राज्ये निवडली. मोठी शहरे वगळली. १९९५ ते १९९७ या काळात ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींसारख्या पेशींची गाठ, झालेले ७९८ रुग्ण गोळा केले. तुलनेसाठी १,१७५ निरोगी माणसे घेतली. त्यांची नावे वाहन-परवान्यांच्या आणि वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींतून काढली. मग प्रत्येकाला विचारले: कोणती पिके घेतलीत, कोणती जनावरे पाळलीत, कोणते औषध किती वर्षे मारलेत?

खरी अडचण इथेच आली. ग्लायोमाचा सर्वांत आक्रमक प्रकार उपचार करूनही बहुतेकांना वर्ष-दीड वर्षात नेतो. प्रश्न विचारायला जावे तोवर कित्येक रुग्ण गेलेले, आणि उत्तरे द्यायला बायको नाहीतर मुलगा. वीस वर्षांपूर्वीच्या डब्यात कोणते तणनाशक होते, हे ती माणसे कुठून सांगणार? नेब्रास्कातल्या अशाच एका अभ्यासात कीटकनाशक आणि ग्लायोमाचा संबंध बहुतांशी नातेवाइकांच्या उत्तरांतच दिसला होता. घरातले माणूस गेले की मागे राहिलेले कारण शोधतात. त्यांना दोष देता येत नाही, पण आकडे त्याने वाकतात.

चार राज्यांच्या अभ्यासाचा निकाल बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकणारा लागला. कीटकनाशके वापरणाऱ्या पुरुषांत ग्लायोमा जास्त आढळला नाही, स्त्रियांतही नाही. एक गोष्ट मात्र २००९ साली समोर आली. शेतावर राहिलेल्या किंवा राबलेल्यांपैकी जे फवारणीनंतर कधीच लगेच हातपाय धूत नसत, त्यांच्यात ग्लायोमाची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. कपडे न बदलणाऱ्यांतही जवळपास तेवढीच. हा एकट्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे, तेव्हा त्याला पुरावा म्हणण्याची घाई नको. तरी औषध वापरले की नाही यापेक्षा ते अंगावर किती वेळ राहिले हा प्रश्न मला जास्त शहाणा वाटतो.

फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांच्या जिरोंद भागाने निराळेच चित्र दाखवले. तिथे २२१ रुग्ण आणि ४४२ निरोगी माणसांच्या तुलनेत सरसकट संबंध ठामपणे दिसला नाही. पण कामात कीटकनाशकांशी सर्वांत जास्त संपर्क आलेल्या चौथ्या हिश्शात मेंदूतल्या गाठींचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. गंमत म्हणजे घरातल्या कुंडीतल्या झाडांवर औषध मारणाऱ्यांतही तो जवळपास तेवढाच वाढलेला होता.

मेंदूच्या कॅन्सरची पक्की ठाऊक असलेली कारणे आजही थोडीच आहेत: डोक्यावर पडलेला आयनीकारक किरणोत्सर्ग आणि काही आनुवंशिक विकार. कीटकनाशके त्या यादीत नाहीत. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्याचा कॅन्सरशी संबंध नव्हता. फवारणी आटोपली की साबणाने अंग धुवावे, कपडे बदलावेत आणि ते घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. त्यासाठी पुढच्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.