यकृत प्रत्यारोपण : शीतसाठवणीची इजा आणि रक्ताची साक्ष

यकृत प्रत्यारोपणाचे देयक हाती घेताना नातेवाईक हमखास विचारतात, "साहेब, शस्त्रक्रिया तर झाली, मग पुनःपुन्हा रक्त कशासाठी काढता?" प्रश्न रास्त आहे, त्यातील प्रत्येक रुपया त्यांनी किंवा देणगीदारांनी कष्टाने जमविलेला असतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असला, तरी डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलेले येथे नम्रपणे मांडत आहे.

दात्याचे यकृत विशिष्ट द्रावणाने धुऊन सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. हा शीतकाल साधारणतः १२ तासांच्या आत राखण्याचा प्रयत्न असतो. थंडीमुळे पेशींची गरज मंदावते, पण थांबत नाही. प्राणवायूवाचून ऊर्जेची शिल्लक घटत जाते. रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताच इजा बळावते. यकृतातील कुप्फर पेशी चेतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी तेथे जमतात.

या घडामोडींची साक्ष रक्त देते. इजा झालेल्या पेशींतून एएसटी व एएलटी ही विकरे रक्तात पाझरतात. सर्वसाधारणपणे ती पहिल्या एक-दोन दिवसांत वाढून उतरू लागतात. सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन मात्र यकृतच तयार करते. म्हणून त्याचा कमी आकडा नेहमीच शुभ नसतो. नवे यकृत दुर्बल असल्याचेही ते लक्षण असू शकते. उलट जंतुसंसर्गानेही हा आकडा चढतो. यास्तव रक्त गोठण्याची क्षमता व लॅक्टेट यांचीही सांगड घालावी लागते. एका दिवसाच्या शिलकेवरून पेढीची स्थिती ठरत नाही, तसेच हे आहे.

बर्फाऐवजी यंत्राद्वारे यकृतात द्रव खेळविण्याची पद्धतही आता आली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत शरीराच्या तापमानावर रक्त खेळविलेल्या यकृतांची विकरांवरून मोजलेली इजा सुमारे निम्मी आढळली. २०२१ च्या दुसऱ्या चाचणीत, हृदयक्रिया थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांना थंड, प्राणवायुयुक्त द्रव दिल्याने पित्तनलिका अरुंद होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. अर्थात ही यंत्रे खर्चिक आहेत.

एका शोकाकुल कुटुंबाने दिलेले हे दान आहे. ते वाया जाऊ नये, यासाठीच ही तपासणी. देयकातील त्या ओळींमागे हीच दक्षता आहे, याची विश्वस्त, देणगीदार व आप्तेष्टांनी कृपया नोंद घ्यावी, ही विनंती.