खाडीकाठचा गुरुवार

पहाटे साडेपाच. फजरची नमाज झाली की मी आधी मागचं दार उघडते. ओहोटीच्या चिखलात कालचा कचरा दिसतो. आजही दोन गुलाबी पिशव्या, घट्ट गाठी मारलेल्या.

साडेसात. ग्रामपंचायतीची गाडी मोहल्ल्यात शिरते, सदस्य म्हणून मी सोबत चालते. रत्नागिरीकडच्या या गावात शिळंपाकं बकऱ्यांना जातं, माशांची खवलं-आतडी माडाच्या बुंध्यात. गाडीत येतं ते प्लास्टिक. पाळणे एवढे हलतात, पण डायपर एकही नाही.

दहा. शेजारच्या सुनेच्या पडवीत बसले. ती खालच्या आवाजात म्हणाली, "गाडी दोन दिवसांनी येते, चाची. नापाक वस्तू तोवर घरात कशी ठेवू? इथंच नमाज पढतो." यात आळस कुठे आहे? पाकी हा अर्धा ईमान, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. घर पाक राहावं म्हणून ती घाण खाडीत सोडते.

दोन. जोहरनंतर मदरशाच्या ओट्यावर मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "साचलेल्या पाण्यात लघवी करायला हदीसमध्ये मनाई आहे. पाणवठा, रस्ता, सावली, या तीन जागा घाण करणाऱ्यावर लानत येते. मग लघवीनं भिजलेला डायपर खाडीत कसा चालेल?" इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलनं २०१४ साली ४७ क्रमांकाच्या फतव्यात वाटेल तिथे कचरा टाकणं हराम ठरवलंय, हेही त्यांना ठाऊक होतं. उद्या जुम्याच्या बयानात हे सगळं सांगतो म्हणाले. पण बयान ऐकायला पुरुष जातात आणि डायपर बदलतात बायका. म्हणून मला दारोदार जायलाच हवं.

ओट्याच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी आहे. कुराणाचे सुटलेले वरक, बिस्मिल्ला छापलेल्या लग्नपत्रिका, उर्दू कॅलेंडरं लोक तिच्यात आणून ठेवतात. पेटी भरली की स्वच्छ जागी दफन करतात. असला एक कागद कचऱ्याच्या गाडीत सापडायचा नाही. वेगळं काढून ठेवणं आमच्या हाताला ठाऊक आहे.

पाच. असर पढून परत सुनेकडे. मैला संडासात धुऊन टाकला, डायपर गुंडाळला. गुंडाळायला कागद घेताना तिनं उर्दू अखबार बाजूला सारला, मराठी उचलला. गाडी येईपर्यंत तो ठेवायला मी रंगाचा रिकामा डबा नेला होता, घट्ट झाकणाचा.

सासूनं दारातूनच विचारलं, "डबा आत नाही ना आणायचा?"

"नाही खाला. न्हाणीच्या बाहेर, पायरीखाली."

त्यांनी स्वतःच तिथली लाकडं हलवून जागा केली.