आभासी सर्व्हर व यजमान संगणक यांतील पोर्टसंघर्ष

आभासी सर्व्हर सुरू करताना ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ असा संदेश आल्यास यजमान संगणकावरील सेवा बंद करण्याकडे कल होतो. त्यायोगे त्या सेवेवर विसंबलेल्यांचे काम मात्र खोळंबते. वस्तुतः संघर्ष नुसत्या क्रमांकाचा नसून आयपी पत्ता व क्रमांक या जोडीचा असतो. अशा एका टीसीपी जोडीवर सामान्यतः एकच प्रोग्रॅम विनंत्या स्वीकारतो. यास्तव तो पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रथम ‘नेटस्टॅट’ने पाहावे. नॅट पद्धतीत आभासी सर्व्हर यजमानाच्या पत्त्याआड असतो. तेथे यजमानाचा ८०८० हा पोर्ट सर्व्हरच्या ८० कडे वळवावा. ब्रिज पद्धतीत सर्व्हरला स्वतंत्र पत्ता मिळत असल्याने दोहोंचे ८० क्रमांक निर्वेध नांदतात.