बाळाच्या मेंदूचा एमआरआय : ऐकीव काय, खरं काय

सोनोग्राफीत शंका आली की डॉक्टर गर्भाचा एमआरआय करून घ्यायला सांगतात आणि घरातल्या सगळ्यांना पहिली धास्ती वाटते ती किरणांची. क्ष-किरण असतात ते सीटी स्कॅनमध्ये. एमआरआय चालतो चुंबकीय क्षेत्रावर आणि रेडिओलहरींवर. दोन्ही यंत्रं दिसायला सारखी, म्हणून हा घोटाळा होतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या चौदा लाखांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिल्या तिमाहीत आईचा एमआरआय झाला म्हणून बाळाला अपाय झाल्याचं त्यात आढळलं नाही. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयबद्दल मात्र त्याच अभ्यासात काळजीची चिन्हं दिसली, त्यामुळे गरोदरपणात ते इंजेक्शन शक्यतो टाळतात.

‘सोनोग्राफी झाली आहे, मग हा वेगळा खर्च कशाला?’ हा प्रश्नही रास्त आहे. ब्रिटनमधल्या ‘मेरिडियन’ अभ्यासात, सोनोग्राफीत मेंदूच्या रचनेबद्दल शंका आलेल्या ५७० गर्भांचा एमआरआय केला होता. सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के वेळा बरोबर निघालं, एमआरआयचं ९३ टक्के वेळा. पण हे आकडे शंका आलेल्यांपुरतेच. सोनोग्राफी व्यवस्थित असेल तर हौसेखातर एमआरआय करू नये.

हा झाला दवाखान्यातला भाग. याच चित्रांवर संशोधन करणाऱ्यांबद्दलही बरेच गैरसमज आहेत. कुणाची मुलगी परदेशात बाळांच्या मेंदूवर ‘पोस्टडॉक’ करते म्हटलं की ती पीएचडीच्या वरची पदवी असं नातेवाईक धरून चालतात. पोस्टडॉक ही पदवी नाही. ती पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी आहे. तिला ना परीक्षा, ना पदवीदान. ती करणारी व्यक्ती वैद्यकीय डॉक्टर असते असंही नाही. या क्षेत्रात भौतिकशास्त्र, गणित, संगणक आणि मानसशास्त्र शिकलेले कितीतरी जण आहेत. त्यांचा बराचसा वेळ बाळांजवळ नव्हे, तर संगणकासमोर जातो. एखाद्या चित्रात काही वावगं दिसलंच, तर त्याचं निदान रेडिऑलॉजिस्ट करतो, पोस्टडॉक नव्हे.

‘इतकं लहान बाळ यंत्रात ठेवायचं म्हणजे गुंगीचं औषध देत असणार’ हा आणखी एक समज. संशोधनासाठी असं सहसा करत नाहीत. लंडनचं किंग्ज कॉलेज, इम्पिरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ हाती घेतला. त्यातली नवजात बाळं स्वाभाविक झोपेत स्कॅन केली. आधी बाळाला पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि झोप लागू द्यायची. यंत्राचा खडखडाट मोठा असतो, म्हणून कानाला मऊ पुट्टी, तिच्यावर चिमुकली कानझाकणं आणि डोक्याभोवती आवाज अडवणारं आवरण. यंत्राचा आवाजही हळूहळू वाढवतात, म्हणजे बाळ दचकत नाही. तरी जाग आली, तर स्कॅन थांबवायचा. पोटातल्या बाळाला झोपवणं तर कुणाच्याच हातात नाही. ते वळतं, पाय झाडतं. त्यामुळे त्याचे एकेक काप सेकंदाच्या आसपास टिपतात आणि विस्कटलेले काप नंतर गणिताने जुळवून एकसंध मेंदू उभा करतात.

म्हणूनच ‘स्कॅन म्हणजे मेंदूचा फोटो’ हे म्हणणं बरोबर नाही, आणि ‘बाळाचा मेंदू म्हणजे मोठ्यांच्या मेंदूची छोटी प्रत’ हे तर अजिबात नाही. विसाव्या आठवड्यात गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. बाळ नऊ महिने पूर्ण करतं तोवर प्रौढ मेंदूतल्या मुख्य वळ्या त्यावर दिसू लागतात. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. याहून नवलाची गोष्ट रंगांची आहे. मोठ्या माणसाच्या टी-१ प्रकारच्या चित्रात मेंदूचा पांढरा भाग उजळ आणि करडा भाग गडद दिसतो. नवजात बाळाच्या चित्रात हे उलटं असतं, कारण त्याच्या मेंदूत पाणी जास्त आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण अजून पुरतं चढलेलं नसतं. सहा-आठ महिन्यांच्या सुमारास दोन्ही भाग जवळपास एकाच छटेचे होतात आणि त्यांची सीमा सापडत नाही. प्रौढांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर इथे हमखास चुकतं. बाळांसाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहिणं आणि त्याने आखलेल्या सीमा डोळ्यांनी तपासणं, यात पोस्टडॉकचे महिनोन्‌महिने जातात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पुढचे सगळे निष्कर्ष त्याच सीमांवर उभे असतात.

सगळ्यात घातक गैरसमज भविष्य वर्तवण्याचा. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक गाजलेला अभ्यास आला. सहा आणि बारा महिन्यांच्या स्कॅनवरून, दोन वर्षांच्या वयात ऑटिझमचं निदान कुणाला होईल याचा अंदाज त्यात बांधला होता. ज्यांना होईल असं सांगितलं, त्यांतल्या ८१ टक्के मुलांबाबत तो खरा ठरला. बातम्यांमधून एक गोष्ट सहज निसटली : ही थोरल्या भावंडाला ऑटिझम असलेली बाळं होती. अशा घरात साधारण पाचातल्या एका बाळाला ऑटिझम आढळत होता. आता हीच चाचणी सरसकट १००० बाळांवर लावली आणि त्यांत ऑटिझम असलेली १५ आहेत असं धरलं, तर ती १३ बाळं बरोबर ओळखेल, पण जवळजवळ पन्नास निरोगी बाळांच्या आईवडिलांची झोप उडवेल. चाचणी तीच, अचूकताही तीच. फरक फक्त ती कुणावर लावली याचा.

गर्भातल्या श्रवणाचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमन्यू येतोच. गर्भ ऐकतो हे खरं आहे. पंचवीस आठवड्यांच्या आसपास तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. २००९ च्या एका अभ्यासात जर्मन आणि फ्रेंच नवजात बाळांच्या रडण्याचा चढउतार आपापल्या भाषेच्या लयीसारखा आढळला. म्हणजे पोटात पोचते ती लय आणि चाल. शब्दांचा अर्थ पोचत असल्याचा पुरावा नाही. मोझार्ट ऐकवलं की बाळ हुशार होतं या समजुतीचं मूळ १९९३ च्या ज्या प्रयोगात आहे, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता. आईने जरूर गावं, बाळाशी बोलावं. त्यासाठी महागडे संच विकत घ्यायची गरज नाही.

गर्भाच्या मेंदूवरचं संशोधन फक्त परदेशातच होतं असंही नाही. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने २०२४ च्या डिसेंबरात ‘धारणी’ हा दुसऱ्या तिमाहीतल्या गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ५,१३२ काप आहेत आणि ते जगभरच्या संशोधकांना खुले आहेत.

स्कॅनवरून बाळाचा बुद्ध्यांक किंवा कल सांगतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. आणि बाळ वर्षाचं होऊनही हाकेला वळून बघत नसेल, तर कुठल्याही स्कॅनची वाट न पाहता त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.